सूर-संगत : पाच अधिक पाच



यंदाच्या गणेशोत्सवात आपल्या काही मुलांना सॅक्सोफोन, कीबोर्ड आणि तबला एकत्र वाजवायचा आहे. त्यावर कार्यकारिणीत बरीच चर्चा झाली. "निदान आपलं संगीत तरी आपलं राहू द्या," असे काही ज्येष्ठांचे म्हणणे. त्यांची काळजी खोटी नाही. म्हणूनच या वेळी आपल्या लंडनमधल्याच एका मेळाविषयी.

१९६६ साली 'इंडो-जाझ स्वीट' ही रेकॉर्ड निघाली. कलकत्त्याहून आलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर आणि जमैकाहून आलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी दहा जणांचा ताफा जमवला होता. पाच वादक भारतीय बाजूचे, पाच जाझचे. सतारीवर दिवाण मोतीहार आणि तबल्यावर कोण, तर मुंबईचे केशव साठे! रेकॉर्डवर मेघ आहे, गौड सारंगही आहे.

काम सोपे नव्हते. जाझमध्ये सुरांखालच्या कॉर्ड बदलत राहतात. रागात षड्ज जागचा हलत नाही. मेयरनी राग आणि ताल आधी ठरवून, लिहून दिले. जागच्या जागी सुचेल ते वाजवणे दोन्हीकडच्या वादकांच्या अंगवळणी होते, तेच उपयोगी पडले.

आम्ही पडलो रसायनवाले. शाळेतला लोहकीस आणि गंधकाचा प्रयोग आठवतो ना? नुसते मिसळले तर लोहचुंबकाने लोखंड वेगळे काढता येते. तापवले की दोघांचेही गुण जातात आणि तिसराच पदार्थ होतो. ही रेकॉर्ड आम्हांला पहिल्या प्रकारातली वाटते. कुठे कुठे सतार आणि सॅक्सोफोन नुसते शेजारी बसल्यासारखे वाटतात, हेही खरे. पण साठ्यांचा तबला कुठेही हरवत नाही, कारण तो मुळात पक्का आहे.

तेव्हा ज्येष्ठांना आमची विनंती: मुलांना पंधरा मिनिटे द्यावीत. आणि मुलांना अट एकच. तबला वाजवणाऱ्याने आधी तीनताल हातावर नीट चढवावा. लोखंडच नसेल, तर चुंबक फिरवून हाती काय लागणार?