लाज कुणाची, मरण कुणाचं?



आज तुम्ही पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलात, चाळीत, कंपनीत. पण गावाकडं जाताना वाशीमवरनं हिंगोलीला निघालात की कनेरगाव नाका लागतो. विदर्भ संपतो, मराठवाडा सुरू होतो. अकोला-नांदेड हमरस्ता. रात्रभर ट्रका. चहाची हॉटेलं, पानटपऱ्या. आणि गाठोडी घेऊन गाडीची वाट बघणारी आपली माणसं. कोणी ऊसतोडीला निघालेलं, कोणी वीटभट्टीवरनं परतलेलं.

मागल्या दिवाळीत तिथं वस्तीतला एक पोरगा भेटला. ट्रकवर क्लीनर. विशीतला. बोलता बोलता मी विचारलं, निरोध वापरतोस का? पोरगा हसला. म्हणाला, ''दादा, तो तर सरकारी फुगा. ल्हानपणी लई फुगवले. अन् मला कशाला पायजे? मी काय रोज जातो का बायांकडं?''

रोज नाही. म्हणजे कधी कधी. आणि एकदासुद्धा पुरतं.

त्याच वस्तीत एक बाई होती. नवरा ड्रायव्हर, तो आधी गेला. दोन लेकरांवर तिचं ऑपरेशन झालेलं. आता मूल व्हायचं नाही, मग निरोध कशाला, असं नवरा म्हणाला. तिनं मानलं. ऑपरेशननं पोर थांबलं, विषाणू थांबला नाही. एका दवाखान्यात तिच्या केसपेपरवर लाल शाईनं लिहिलं आणि खाट दाराशी सरकवली. गावानं तिलाच विचारलं, कुठं शेण खाल्लंस?

नवऱ्याला कुणी विचारलं नाही. मेलेल्या पुरुषाची अब्रू जिवंत बाईच्या जिवापेक्षा मोठी असते आपल्याकडं.

ही एकटीची गोष्ट समजू नका. २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी काढून बघा. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास लग्न झालेल्या बायांचं ऑपरेशन झालेलं. नसबंदी केलेले पुरुष? शंभरात एकही भरत नाही. १९६८ साली सरकारनं निरोध बाजारात आणला, पाच पैशाला एक. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण काढला. भिंत एवढंच सांगायची, पोरं कमी करा. मग ऑपरेशन झालं की निरोधाचं काम संपलं असं लोकांनी धरलं तर चूक कुणाची? गरिबाची पोरं मोजायला सगळे पुढं. गरिबाचा जीव मोजायला कोण?

१९८६ साली या देशात एचआयव्हीची पहिली नोंद झाली, मद्रासला. तेव्हा संस्कृतीचे ठेकेदार काय म्हणाले? हा परदेशी रोग. हा त्या बायांचा रोग. आपल्यात नसतं असलं काही! आज देशात एचआयव्हीसह जगणारी माणसं सुमारे २५ लाख. त्यातली ४ लाखांच्या घरात एकट्या महाराष्ट्रात. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. नसतं म्हणे असलं काही!

२००२ च्या शेवटी मुंबईभर फलक लागले. बलबीर पाशाला एड्स होईल का? अख्खी मुंबई विचारात पडली. बलबीर नेहमी एकाच मंजुळाकडं जातो, म्हणून निर्धास्त असतो. निर्धास्त राहू नको, हे सांगणं बरोबरच होतं. लोक निदान बोलायला तरी लागले. पण मंजुळाला कुणाकडनं होईल, हा फलक कुठं होता? बलबीर गिऱ्हाईक, म्हणून माणूस. मंजुळा म्हणजे रोग. अशानं जागृती होते ती अर्धी. उरलेल्या अर्ध्यात बाईला दगड बसतात.

बरं, तेवढं बोललेलंही यांना खपत नाही. २००७ साली या राज्यानं शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी घातली. ११ डिसेंबर २०१७ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वाहिन्यांना बजावलं, कंडोमच्या जाहिराती फक्त रात्री १० ते सकाळी ६. बोंब झाली तेव्हा म्हणाले, फक्त चाळवणाऱ्या जाहिरातींबद्दल बोललो. मारामारी, बलात्कार, शिव्या दिवसाढवळ्या चालतात. जीव वाचवणारं रबर तेवढं अश्लील!

आता ऐका. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला चालला. गुन्हा काय, तर 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्या कर्व्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब हटले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं रोहमांनी मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही पडला. त्या काळी तो माणूस भर कोर्टात लाजला नाही. आणि त्याचा फोटो छातीवर लावणारे आपण मेडिकलवर 'ते द्या' म्हणून कुजबुजतो? कागदात गुंडाळून घेतो? डीजेवर लाख उडवतो आणि जयंतीच्या स्टेजवर एचआयव्हीचा 'ए' काढत नाही? लाज वाटू द्या, पण निरोधाची नको. याची.

रस्ता दाखवायला डॉक्टरच लागतो असं नाही. सांगलीत 'संग्राम'नं १९९२ पासून काम उभं केलं, धंदा करणाऱ्या बायांच्या हाती दिलं. १९९६ साली त्यांची स्वतःची वेश्या अन्याय मुक्ती परिषद झाली. त्यांनीच निरोध वाटले, 'निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही' हे एकमेकींना धरून ठरवलं. समाज ज्यांना रोग म्हणत होता, त्यांनी शिकवलं. आपण शिकलेले, आपल्याला काय धाड भरलीय?

तर सरळ बोला. वस्तीत, नाक्यावर, ट्रकच्या केबिनीत. दर वेळी नवा निरोध, तारीख बघून. दोन एकावर एक नाही, फाटतात. खोबरेल तेल, व्हॅसलीन नाही, रबर कुजतं. महिनोन्‌महिने पाकिटात दाबून ठेवू नका. ऑपरेशन झालं असलं तरी लागतो. बायको असली तरी लागतो, तुम्ही बाहेर जात असाल किंवा तपासलेलं नसेल तर. आणि तपासा. सरकारी केंद्रात तपासणी फुकट. एक शून्य नऊ सात, १०९७, हा नंबर फुकट.

निघाला तर मरण नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारी औषध मोफत सुरू झालं. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू दबला आणि दबलेला राहिला, की संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. आणि लाल शाई? २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे. कुणाचा आजार चव्हाट्यावर मांडणं, उपचारात भेदभाव करणं हा त्या कायद्याचा भंग आहे. खाट दाराशी सरकवणाऱ्याला कायदा दाखवा. आम्हाला दाराशी बसवायची यांची सवय जुनीच आहे.

१ डिसेंबरला पोरांच्या हातात फलक देऊन फेरी काढायची आणि २ डिसेंबरला गप्प बसायचं, ही जागृती नव्हे. प्रत्येक शाखेनं महिन्यातनं एक रात्र आपल्या नाक्यावर उभं राहावं. हातात निरोधाचा डबा, तोंडात साधी भाषा.

त्या क्लीनर पोराच्या हातावर मी पाकीट ठेवलं. तो लाजला, खिशात घातलं. म्हणाला, ''दादा, अजून दोन द्या. ड्रायव्हरला पन लागतील.''

एवढंच काम आहे. ते आपल्याला जमत नसेल तर क्रांतीच्या गप्पा बंद करा.

जयभीम!