अडकलेल्या पार्सलचा संदेश आणि दुकानदाराचा गल्ला

पार्सल ही आपल्या धंद्यातील रोजची गोष्ट. सुरतेहून जरी यायची असते, मुरादाबादहून पितळी भांडी, कानपूरहून चामडे. कारागीर मालाची वाट पाहत बसलेले असतात. अशा वेळी फोनवर संदेश येतो की, आपले पार्सल गोदामात आले आहे, दोनदा पोहोचविण्याचा प्रयत्न झाला, पत्ता अपूर्ण आहे, ४८ तासांत दुरुस्त न केल्यास माल परत जाईल. खाली एक लिंक. घरी बसलेला माणूस म्हणेल, मी तर काही मागविलेच नाही. व्यापाऱ्याने मात्र खरोखरच काहीतरी मागविलेले असते. ठगाचा नेम येथेच बसतो.

डाक खात्याच्या नावाने फिरणारा नेमका हाच संदेश केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०२४ साली बनावट ठरविला. तरी त्याची नवनवी रूपे येतच राहिली.

लिंक उघडली की हुबेहूब डाक खात्यासारखे पान दिसते. पत्ता भरा आणि पंचवीस-तीस रुपये कार्डाने द्या, एवढेच मागणे. इतक्याशा रकमेसाठी कोण डोके लावतो? पण ठगाला ते रुपये नकोच असतात. त्याला कार्डाचा क्रमांक, मागचे तीन आकडे आणि ओटीपी हवा असतो. ओटीपीच्या संदेशात रक्कम लिहिलेली असते, घाईत ती कोणी वाचत नाही. पंचवीसच्या जागी पंचवीस हजारांना संमती देऊन माणूस मोकळा होतो. शिवाय चालू खात्यातील ती रक्कम बहुधा आपली नसतेच. ती कारागिरांची मजुरी असते, नाहीतर सूतवाल्याची उधारी.

स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. तो माल पाठविणाऱ्याकडून घ्यावा आणि डाक खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा. त्या स्थळाचे नाव 'गव्ह डॉट इन'ने संपते. कुरिअरवाला असल्याचे सांगून कोणी *४०१* दाबून अमुक नंबर फिरवायला लावला, तर फिरवू नये. त्याने आपले कॉल परक्या फोनवर वळतात.

माझी तक्रार केवळ ठगांविषयी नाही. खऱ्या कुरिअर कंपन्याही लिंक पाठवितात, त्यांची मुले स्वतःच्या मोबाइलवरून फोन करून अंक विचारतात. सवय त्यांनी लावली, मग दोष एकट्या दुकानदाराचा कसा? पार्सल देताना विचारला जाणारा अंक वेगळा आणि बँकेचा ओटीपी वेगळा, हे गल्ल्यावरच्या पोराला कोणी समजावले आहे काय? कंपन्या ते करतील असे दिसत नाही, तेव्हा आपणच करावे.

पैसे गेलेच, तर लाजेपायी दोन दिवस गप्प बसणे सर्वांत महाग पडते. तत्काळ १९३० वर फोन करावा, बँकेला कळवावे, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. तेथे एकेक तास मोजला जातो.

आणखी एक. पाटीवर व बिलबुकावर छापलेला क्रमांक बँकेला जोडू नये. त्यासाठी जादा सिमचा खर्च पडेल, तो सोसावा.