रॉकेट वेळेवर थांबवणारी माणसं: काउंटडाउनमागचं काम आणि बीडच्या आयटीआयवाल्यांसाठी त्यात काय आहे?

१५ जुलै २०१९. चांद्रयान-२ पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी निघणार होतं. लोक मोबाईलवर लाईव्ह बघत जागे होते. ५६ मिनिटं २४ सेकंद उरली असताना घड्याळ थांबलं आणि उड्डाण रद्द झालं. सोशल मीडियावर लगेच "फेल" सुरू झालं. प्रत्यक्षात एका आठवड्यात बिघाड दुरुस्त झाला आणि २२ जुलैला तेच रॉकेट व्यवस्थित उडालं.

आता गगनयानच्या निमित्ताने हे नीट समजून घ्यायला हवं, कारण या वेळी रॉकेटच्या टोकावर पुढेमागे माणसं बसणार आहेत.

थांबणं इतकं महत्त्वाचं का?

गगनयानसाठी निवडलेलं एलव्हीएम-३ रॉकेट साधारण ४३.५ मीटर उंच आणि ६४० टन वजनाचं आहे. त्याच्या दोन बाजूंना घन इंधनाचे एस-२०० बूस्टर असतात. प्रत्येकात २०० टनांच्या आसपास इंधन. हे बूस्टर एकदा पेटले की बंद करता येत नाहीत. फोन हँग झाला तर रिस्टार्ट करता येतो, इथे ती सोय नाही. त्यामुळे चूक सापडायची असेल तर ती जमिनीवरच सापडायला हवी.

जमिनीवर नेमकं काय चालतं?

श्रीहरिकोटात आधी बूस्टरचे तुकडे जोडून ते उभे केले जातात. मग त्यांच्यामध्ये द्रव इंधनाचा टप्पा, त्यावर क्रायोजेनिक टप्पा आणि सगळ्यात वर उपग्रह. प्रत्येक जोड, वायर, व्हॉल्व्ह तपासला जातो. मग हा मनोरा रुळांवरून हळूहळू लाँच पॅडवर येतो.

सगळ्यात नाजूक काम क्रायोजेनिक इंधनाचं. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो. एवढ्या थंडीत धातू आकसतो, सील कडक होतात. हायड्रोजनचा रेणू तर इतका छोटा, की बारीकशा फटीतूनही निसटतो.

नासालाही हे चुकलं नाही. २०२२ मध्ये आर्टेमिस-१ हायड्रोजन गळतीमुळे लांबलं. १६ नोव्हेंबरला ते उडालं, पण त्याच्या काही तास आधी पुन्हा एक व्हॉल्व्ह गळायला लागला. तेव्हा 'रेड क्रू'चे तिघे जण इंधन भरलेल्या रॉकेटखाली गेले आणि जोड आवळून आले. एवढी मोठी मोहीम शेवटी पान्यावर येऊन ठेपली होती!

मग बीडचा संबंध काय?

हे काम फक्त आयआयटीवाल्यांचं नाही. इस्रोच्या केंद्रांमध्ये 'टेक्निशियन-बी' हे पद असतं. त्यासाठी दहावी आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय लागतं: फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक वगैरे. लेखी परीक्षा, मग स्किल टेस्ट. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार २१,७०० रुपयांपासून. डिप्लोमावाल्यांसाठी 'टेक्निकल असिस्टंट' हे वेगळं पद आहे.

शिवाय रॉकेटचे भाग महाराष्ट्रातही बनतात. विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिनं तयार होतात. पवईच्या एल अँड टीने गगनयानसाठी एस-२०० बूस्टरचा भाग बनवून दिला. वालचंदनगर तर पुणे जिल्ह्यातच आहे, तिथेही बूस्टरची आवरणं बनतात. परळीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे व्हॉल्व्ह, पाइपलाइन, प्रेशर हे शब्द आपल्या भागात नवे नाहीतच.

एक मात्र खरं. जागा थोड्या निघतात आणि अर्ज देशभरातून येतात. म्हणून तयारी करा, पण सगळी भिस्त त्यावरच ठेवू नका. आणि व्हॉट्सॲपवर "इस्रोत थेट भरती, एवढे पैसे भरा" असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा. जाहिरात इस्रोच्या अधिकृत वेबसाइटवर असेल तरच खरी धरा.

पुढच्या वेळी काउंटडाउन थांबलं की "फेल" लिहायच्या आधी जरा थांबा. कुणीतरी एक गळका जोड वेळेत पकडला असेल, आणि तो पकडणारा कदाचित आयटीआयचा फिटर असेल.