दुखत नाही, म्हणून काय झालं?

अब्बा बाजारातून आले, दारात चपला काढल्या आणि नेहमीच्या जागी दिवाणावर बसले. अम्मीची नजर फरशीवर गेली. उजव्या पावलाचा प्रत्येक ठसा लाल! चप्पल उलटी करून पाहिली, तर तळ फोडून एक बारीक खिळा वर आला होता. अब्बा त्यावरूनच बाजारभर हिंडले होते. आम्ही सगळे घाबरलो. अब्बा मात्र हसले, "अरे, दुखत नाही, म्हणून काय झालं?"

दुखत नव्हतं, हेच तर झालं होतं. अब्बांना बारा वर्षांपासून शुगर आहे.

ही गोष्ट नीट समजण्यासाठी आपल्या शरीरातली खबर कशी पोहोचते ते पाहू. कातडीखाली मज्जातंतूंची, म्हणजे ज्यांना आपण बोलताना नसा म्हणतो त्यांची, असंख्य टोकं असतात. काही टोकं हलका स्पर्श ओळखतात, काही दाब, काही गारवा, काही चटका. पायाच्या बोटापासून निघालेला एकच तंतू कमरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर लांब असतो. तिथून खबर मज्जारज्जूत शिरते आणि वर मेंदूकडे जाते.

सगळ्या खबरा एकाच वेगाने जात नाहीत. स्पर्शाची खबर जाड तंतूंतून सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने धावते. टोचल्याची तीक्ष्ण कळ ५ ते ३० मीटर वेगाने येते, तर मागाहून येणारा ठणका सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर सरकतो. म्हणून उंबऱ्याला ठेच लागली की आधी 'लागलं' हे कळतं आणि क्षणभराने खरा ठणका सुरू होतो. लागलेली जागा आपण लगेच चोळतो, त्यालाही कारण आहे. चोळण्याच्या स्पर्शाने मज्जारज्जूतच वेदनेची वाट काहीशी अडते. मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये हा विचार मांडला. अम्मीची फुंकर आणि हळुवार हात उगाच बरा वाटत नाही!

हिरव्या मिरच्या चिरल्यावर हात का भाजल्यासारखे होतात? सुमारे ४३ अंशांच्या पुढची उष्णता ओळखणारी जी कळ तंतूच्या टोकावर असते, तीच मिरचीतल्या द्रव्यानेही उघडते. हे शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि दाबाची कळ शोधणारे आर्देम पातापुतियान यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

खिळा टोचल्यावर पाय उचलण्यासाठी आपण मेंदूच्या हुकमाची वाटही पाहत नाही. मज्जारज्जूच परस्पर पाय मागे घ्यायला लावतो. पण खबर निघालीच नाही, तर हुकूम कोण देणार? रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की मज्जातंतू खराब होतात, आणि सर्वांत लांब तंतू आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आधी मुंग्या, रात्री जळजळ, मग हळूहळू बधिरपणा. जळजळ थांबली की माणसाला वाटतं, बरं झालं. तेव्हाच जास्त सावध व्हायला हवं.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये काम करत होते. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असा तेव्हा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की बधिर हाताला चटका, काप, घासणं काहीच कळत नाही, जखमा दुर्लक्षित राहतात आणि त्यातूनच बोटं जातात. पुढे अमेरिकेत हीच शिकवण मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडली.

अब्बांची जखम भरायला दीड महिना लागला. पाय वाचला, अल्हम्दुलिल्लाह. त्या दिवसापासून आमच्या घरी काही नियम झाले आहेत. वुजू करताना पाय धुतले जातातच; त्यातल्या एका वेळी अब्बा तळवा आणि बोटांमधल्या बेचक्या नीट पाहतात आणि नंतर कोरड्या पुसतात. तळवा दिसत नसेल तर आरसा घेतात किंवा नातू बघून सांगतो. चप्पल घालण्याआधी ती झटकून आत हात फिरवतात. गरम पाण्यात आधी पाय घालत नाहीत. पाणी घरातलं दुसरं कुणीतरी हाताने पाहतं. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकणं बंद केलं आहे. उन्हाळ्यात मशिदीच्या तापलेल्या अंगणात मोजे घालूनच पाऊल टाकतात. आणि वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घेतात. डोळे मिटायला सांगून डॉक्टर एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात. १० ग्रॅम दाबाला वाकणारा हा धागा जाणवला नाही, तर पायाला धोका आहे असं समजायचं. पाच मिनिटांचं काम!

आपल्या घरीही कुणी वडीलधारे शुगरचे रुग्ण असतील. "पाय दुखतात का?" असं विचारून थांबू नका. आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा, पाय मांडीवर घ्या आणि उजेडात तळवे पाहा. त्यांची नस जी खबर देऊ शकत नाही, ती आपले डोळे देतील.