सुनावणी डोंगराच्या पायथ्याशी घ्या



मातीचा नमुना घ्यायचा तर शेतात उतरावे लागते. बांधावरचा, उकिरड्याजवळचा नमुना चालत नाही, हे शेतकी कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवतात. गडचिरोलीत लोकांच्या मताचा नमुना कुठून घेतला, ते ऐका.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तो माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा. जानेवारीत तिथे यात्रा भरते. पोटात लोहखनिज. २००७ साली लॉयड्स मेटल्सला ३४८ हेक्टरचा पट्टा मिळाला. उत्खनन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचे ठरले, त्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. कुठे? शंभरावर किलोमीटर दूर, गडचिरोलीत! पुढल्या वर्षी कोरची तालुक्यातल्या झेंडेपारची सुनावणीही तिथेच. २००६ ची पर्यावरण अधिसूचना म्हणते, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्या. नक्षलवादाचे कारण सांगतात. ट्रक चालवायला बंदोबस्त पुरतो, मंडप टाकायला पुरत नाही?

खाणवाल्यांची रीत जगभर एकच. आधी चार पुढाऱ्यांना गाठायचे, पोरांना नोकरी, गावाला दवाखाना. दवाखाना हवाच, पण ते काम सरकारचे होते. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो, तरी तिथे बैलाचा मालक हजर असतो.

कायद्यातही भोक आहे. १९९६ च्या पेसात वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजाला ग्रामसभेची शिफारस सक्तीची आहे. लोखंडाला नाही. आधार उरतो तो २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्याच्याच बळावर २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या नियमगिरीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा गावांनी वेदांतच्या बॉक्साइट खाणीला नकार दिला. सभा गावातच झाल्या होत्या, म्हणून ते बोलू शकले.

कपाशी-ज्वारीवाल्यांना याचे काय, असे कोणी विचारील. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातले भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. जमीन डोंगरातल्यांची बुडाली, पाणी खाली उसाला गेले. आपण कोरडवाहूवाले दोन्हीकडून बाहेर. तेव्हाही कोणी गावात येऊन विचारले नव्हते.

जिल्हा बैठकीत एवढा ठराव घ्यावा: खाणीची सुनावणी बाधित गावातच व्हावी, अहवालाचा सारांश महिनाभर आधी मिळावा, आणि तो माडियातून वाचून दाखवावा.