आडकथेचा कैवार

"त्या म्हातारीचा तवा राहू द्या, आजोबा. त्याचा काही उपयोग नाही."

गेल्या भाऊबीजेच्या दुपारी माझ्या नातवाने मला हा उपदेश केला, आणि त्या घटकेपासून आम्हा दोघांत जे भांडण जुंपले ते घरातल्या घरात मिटण्याचे चिन्ह दिसेना. म्हणून ते मी आज दिवाळी अंकाच्या चव्हाट्यावर आणले आहे. निवाडा वाचकांनी करावा. मी मात्र तटस्थ राहण्याचे सोंग आणणार नाही. मी त्या म्हातारीच्या बाजूचा आहे.

प्रसंग असा. जेवणे उरकून घरची मंडळी आडवी झाली होती आणि नातू मला संगणकावरचा एक खेळ शिकवीत होता. 'द विचर ३' हे त्याचे नाव. पोलंडमधल्या मंडळींनी तो २०१५ साली प्रसिद्ध केला. नायक राक्षसांची शिकार करणारा भाडोत्री वीर. एका हरवलेल्या स्त्रीच्या शोधात तो रानोमाळ हिंडतो आहे आणि अवतीभवती युद्धाने गावे उजाड झाली आहेत. अशा एका गावात, कुलूपबंद झोपडीपुढे एक म्हातारी उभी दिसली. तिचे गाऱ्हाणे एवढेच, की कोणा परक्या माणसाने तिचा तळणीचा तवा उसना नेला आणि तो त्या झोपडीत अडकून पडला आहे. मी थांबलो. नातू म्हणाला, उपयोग नाही. मी हट्टाने दार फोडले. आत एक प्रेत पडले होते, आणि तवा घासून लख्ख केलेला होता. त्याची काजळी खरवडून कोणीतरी तिची शाई केली होती! एवढ्या मोठ्या युद्धातले कुठले गुप्त कारस्थान त्या शाईने लिहिले गेले असेल ते असो. म्हातारीला तिचा तवा मिळाला. माझ्या पदरात जुजबी काहीतरी पडले. पण ते गाव त्या क्षणापासून माझ्या ओळखीचे झाले.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी चार शब्द. या भूमिका-खेळांत एक मुख्य कथा असते: राजकन्या सोडवा, असुर मारा, जग वाचवा. ती पुरी केल्याविना खेळ संपत नाही. तिच्या दोन्ही अंगांना लहान लहान कामे पेरलेली असतात. इंग्रजीत त्यांना साइड क्वेस्ट म्हणतात. मी त्यांना आडकथा म्हणतो. कोणी तुम्हाला काम सांगतो, तुमच्या वहीत त्याची नोंद होते. टप्पे पुरे झाले की अनुभवाचे गुण, नाणी, एखादी तलवार हाती येते आणि नोंदीवर काट बसते. आडकथा केली नाही म्हणून खेळ अडत नाही, कोणी रागावत नाही. ती सर्वस्वी ऐच्छिक असते. या 'ऐच्छिक' शब्दावरच माझा सारा दावा उभा आहे.

मुख्य कथेत तुम्ही जग वाचविता त्यात तुमचा मोठेपणा तो काय? दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. आगगाडी मुंबईहून पुण्याला पोहोचली म्हणून कोणी तिचा सत्कार करीत नाही. खेळणारा माणूस कसा आहे हे कळते ते, जिथे न थांबताही चालले असते तिथे तो थांबतो की नाही यावरून. मुख्य कथा त्याचे कौशल्य जोखते. त्याचा स्वभाव जोखणारी जागा आडकथा हीच आहे.

माझ्या म्हणण्याला पुरावा मागाल तर तो जपानातून देतो. १९९५ साली तिथे 'क्रोनो ट्रिगर' नावाचा खेळ निघाला. काळाच्या मागेपुढे प्रवास करून, १९९९ साली पृथ्वीचा संहार करणाऱ्या लाव्होस नावाच्या प्राण्याला मारणे ही त्याची मुख्य कथा. शेवटाकडे जाता जाता एक आडकथा लागते. इसवी सन ६०० मध्ये फिओना नावाची बाई वाळवंट झालेल्या मुलखात पुन्हा अरण्य उभे करू पाहते आहे. काम शतकांचे आणि आयुष्य एकटीचे. तेव्हा आपल्या सोबत्यांतला एक यंत्रमानव पुढे होतो आणि म्हणतो, मी इथे राहतो. आपण त्याला तिथे सोडतो, काळयानात बसतो आणि एका झेपेत इसवी सन १००० मध्ये उतरतो. आपली काही पळे गेलेली असतात. त्याची चारशे वर्षे! वाळवंटाच्या जागी गर्द रान उभे असते, आणि त्या रानातल्या देवळात आपला गंजलेला मित्र मूर्तीसारखा ठेवलेला सापडतो. ही कथा टाळून थेट लाव्होसवर चालून जाता येते. जग तसेही वाचते. पण ते रान उगवत नाही.

आक्षेपक म्हणतील, जग जळत असताना नायक झाडे लावीत आणि तवे शोधीत हिंडतो, याने मुख्य कथेचा जोर जातो. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलदमयंतीची कथा सांगतात आणि मार्कंडेय सावित्रीची. दोन्ही उपाख्याने काढून टाकली तरी कुरुक्षेत्रावरचा एक बाणही इकडचा तिकडे होणार नाही. टाकता का? घराघरातल्या बायका वडाला सूत गुंडाळतात ते एका उपाख्यानाच्या नायिकेसाठी, हे आक्षेपकांनी विसरू नये.

आणि ज्यांना आडकथेची किंमत काळात मोजून हवी असेल त्यांनी २००० सालचा 'मेजोराज मास्क' पाहावा. तो काटेकोर अर्थाने भूमिका-खेळ नव्हे असे जाणकार म्हणतील, म्हणोत. त्यात तीन दिवसांनी चंद्र कोसळून नगर नष्ट व्हायचे आहे आणि घड्याळ खरोखरच चालते. खाणावळ सांभाळणाऱ्या अंजूचा वाग्दत्त वर काफेई बेपत्ता आहे. शापाने तो बालक झाला आहे, त्यात लग्नाचा मुखवटा चोराने पळविला, म्हणून लाजेने लपून बसला आहे. त्या दोघांची गाठ घालायची तर तीन दिवस नेमक्या वेळी नेमक्या जागी हजर राहून पत्रे आणि निरोप पोहोचवावे लागतात. शेवटच्या रात्री, चंद्र डोक्यावर आलेला असताना, ती दोघे भेटतात आणि पळून न जाता एकमेकांजवळ थांबतात. त्यानंतर तुम्हाला काळ मागे न्यावाच लागतो. तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि झालेली भेट न झालेली होते. तुमच्या हाती एक मुखवटा उरतो. तो नसला तरी खेळ पुरा होतो. तरीही असंख्य खेळाडूंनी ती गाठ घातली. हा वेडेपणा असेल तर मला तो हवा आहे.

आता माझा खरा वैरी कोण ते सांगतो. तो आडकथा टाळणारा नव्हे. टाळणे हा ऐच्छिकतेचाच भाग आहे. माझा वैरी तो, ज्याने आडकथेची हजेरी केली. २००४ च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये काम सांगणाऱ्याच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह तरंगू लागले. माणूस अडचणीत आहे हे चेहऱ्यावरून ओळखण्याची गरजच उरली नाही. २०११ च्या 'स्कायरिम'मध्ये यंत्राने आपणच कामे जुळवावीत अशी सोय झाली: अमक्या गुहेत जा, तमक्याला मार. एक संपले की दुसरे तयार, आणि त्यांना अंत नाही. याच खेळात माणसाने लिहिलेल्या सुरेख आडकथाही आहेत, हे कबूल करतो. परंतु जिला सांगणारा माणूसच नाही ती कथा कसली? ती तर रोजगार हमी!

पुढची पायरी मी आमच्याच घरात पाहिली. लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त चुकेल म्हणून मी घाई करीत होतो आणि धाकटी नात मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली होती. "आजची चार कामे राहिलीत, नाही केली तर आजचे बक्षीस बुडेल." मी विचारले, कोणाची कामे करतेस? तिला नावे आठवेनात. बक्षीस तेवढे तोंडपाठ होते. असल्या कामाला ऐच्छिक म्हणणे म्हणजे वेठबिगाराला पाहुणा म्हणण्यासारखे आहे.

बक्षीसच नको, असे मी म्हणत नाही. अनुभवाचे गुण न मिळाले तर नायक दुबळा राहील, हे मलाही कळते. पण बक्षीस कामाच्या मागून यावे. पुढे नाचवू नये. चांगल्या आडकथेची माझी कसोटी सोपी आहे. काम झाल्यावर आठवड्याने विचारावे: कोणासाठी केलेस? नाव सांगता आले तर ती आडकथा. मिळाले काय तेवढेच सांगता आले तर ती मजुरी.

हे लिहून मी लेखणी ठेवणार होतो, पण मनाने हात धरला. कारण 'उपयोग काय' हा प्रश्न नातवाला कोणी शिकविला? मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकविले आहे. एखादा मुलगा धड्याबाहेरचे विचारी, आणि मी सांगे, "ते परीक्षेला नाही, सोडून दे." आमच्या प्रश्नपत्रिकेत ऐच्छिक याचा अर्थ एकच होता: चार प्रश्नांतला सोपा प्रश्न निवडा आणि गुण घ्या. खेळ करणाऱ्यांनी उद्गारचिन्ह नंतर काढले. मुलांच्या डोळ्यांपुढे ते आधी आम्ही टांगले. तेव्हा या खटल्यात मी फिर्यादी आहे तसा आरोपीही आहे.

प्रायश्चित्त म्हणून मी नातवाला तो जुना 'क्रोनो ट्रिगर' खेळायला लावला. महिनाभर गप्प होता. एका रात्री उशिरा त्याचा फोन आला. त्या अरण्याच्या कथेनंतर सारे शेकोटीभोवती निजतात आणि लुक्का नावाची मुलगी एकटी उठून भूतकाळात जाते, ज्या दिवशी तिच्या आईचे पाय यंत्रात सापडून कायमचे अधू झाले त्या दिवसात. यंत्र थांबवायला आईचे नाव हाच परवलीचा शब्द, आणि वेळ अगदी थोडा. पहिल्या खेपेला नातवाला तो साधला नव्हता. खेळ पुढे जात होता, कोणी अडविले नव्हते. तरी जुनी नोंद उघडून तो मागे गेला होता.

"मग, मिळाले काय?" मी मुद्दाम विचारले.

वादात त्याने अजून हार मानलेली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. पण त्या रात्री तो एवढेच म्हणाला, "ती आता चालते, आजोबा."