यंत्र ग्राहकाचे, हुकूम कंपनीचा?

१/ विकत घेतलेल्या स्ट्रीमिंग उपकरणावरील जाहिराती कोणी काढून टाकल्या किंवा कंपनीने नाकारलेले ॲप त्यावर बसवले, की त्याच्यावर ‘चाचेगिरी’चा शिक्का मारला जातो. इतिहासाच्या कसोटीवर हा शिक्का टिकत नाही.

२/ १९५५ साली अमेरिकेतील झेनिथ कंपनीने ‘फ्लॅश-मॅटिक’ हा बिनतारी रिमोट बाजारात आणला. प्रकाशझोत टाकून कंटाळवाण्या जाहिरातींचा आवाज बंद करा, असे कंपनीच सांगत होती. जाहिरात टाळण्याची सोय उत्पादकानेच विकली. तेव्हा तिला चोरी म्हणावे असे त्याला वाटले नाही.

३/ त्याच काळात एटी अँड टी ही कंपनी दूरध्वनीच्या मुखाशी ‘हश-अ-फोन’ नावाची साधी वाटी बसवू देत नव्हती. १९५६ साली न्यायालयाने ही मनाई अमान्य केली. १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निर्णयाने बाहेरची उपकरणे जोडण्याची वाट मोकळी केली. विशेष म्हणजे तेव्हा दूरध्वनी यंत्र कंपनीच्याच मालकीचे, भाड्याने दिलेले असे. भाडेकरूला जो हक्क मिळाला, तो खरेदीदाराला का नसावा?

४/ १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, कार्यक्रम घरी मुद्रित करून सवडीने पाहणे हा हक्कभंग नव्हे. व्हिडिओ रेकॉर्डरमुळे आपण बुडू, असा आक्रोश करणाऱ्या चित्रपट उद्योगाने पुढे कॅसेटींवरच अमाप पैसा मिळवला.

५/ १९९८ च्या डीएमसीए कायद्याने मात्र डिजिटल कुलूप उघडणे हेच निषिद्ध ठरवले. तरीही कायदेशीर ॲप चालवण्यासाठी स्मार्ट टीव्हीला २०१५ साली आणि स्ट्रीमिंग उपकरणांना २०२१ साली सवलत मिळाली. ती दर तीन वर्षांनी नव्याने मागावी लागते. भारतात २०१२ साली आलेले कलम ६५अ हक्कभंगाचा हेतू पाहते. केवळ कुलूप उघडणे त्याला पुरेसे नाही.

६/ ‘जाहिरातींमुळेच उपकरण स्वस्त मिळते’, हा प्रतिवाद नेहमी होतो. तसा सौदा असेल, तर तो खोक्यावर ठळक छापावा. विक्रीनंतर अपडेटच्या वाटेने जाहिराती घुसवणे हा सौदा नव्हे, एकतर्फी फेरफार होय.

७/ चोरलेले चित्रपट पाहणे हा निराळा गुन्हा आहे. त्याचे समर्थन येथे नाही. पण त्या गुन्ह्याच्या आडून ग्राहकाची मालकी हिरावणे हेही समर्थनीय नाही. पावती ज्याच्या नावाची, पडदाही त्याचाच.